कागद, परवानगी आणि भिंत : महाराष्ट्रातील घरतपासणीचा इतिहास

घर विकत घेताना करायची तपासणी तीन प्रकारची असते. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे की नाही, हे कागदांवरून ठरते. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले की नाही, हे महापालिकेच्या दाखल्यांवरून कळते. इमारत धडधाकट आहे की नाही, याचे उत्तर मात्र भिंत, खांब, गच्ची आणि नळ पाहिल्याशिवाय मिळत नाही. महाराष्ट्रात, त्यातही मुंबई-पुण्यात, या तिन्ही तपासण्या एकाच वेळी रुजल्या नाहीत. कागदांच्या तपासणीला दीडशे वर्षांची शिस्त आहे. परवानग्यांची तपासणी मालकी फ्लॅटबरोबर विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. प्रत्यक्ष बांधकामाची तपासणी सर्वांत उशिरा, बहुतेक वेळा इमारती कोसळल्यानंतर आली आणि खरेदीदाराच्या सवयीत ती अजून पुरती मुरलेली नाही. हा क्रम ध्यानात घेतला, की आजच्या तपासणीकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही उलगडते.

जमिनीची परीक्षा आणि वाड्याची विक्री

जुन्या काळी घर बहुधा बांधले जाई. तयार घर विकत घेणे हा अपवाद होता. त्यामुळे परीक्षा व्हायची ती जमिनीची. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिची रीत दिली आहे. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरायचा. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसऱ्या रीतीत खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यायचे आणि पाणी किती उरले ते पाहायचे. घट्ट जमिनीची माती खणल्यावर फुगते, भुसभुशीत जमिनीत पाणी लवकर जिरते. शुभाशुभाच्या भाषेत सांगितलेली असली तरी ही परीक्षा मुळात जमिनीच्या घट्टपणाचीच आहे.

पेशवेकाळातील पुण्याचे वाडे दगडी जोत्यावर, सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभे असत. घराचे माप खणांत सांगितले जाई. वरच्या मजल्यांना वीट किंवा पांढरी माती, छताला कडीपाट. अशा घराचा सांगाडा बराचसा उघड्यावर असल्याने जाणत्या सुताराला आणि गवंड्याला त्यातले दोष दिसत. तुळईला बाक आला आहे का, खांबाच्या तळाशी वाळवी लागली आहे का, जोत्यातून ओल वर चढते आहे का, हे नजरेने आणि हाताने कळे. खांबाचा जो भाग भिंतीत दडलेला असे तिथली कुज मात्र लवकर उमगत नसे आणि जुन्या वाड्यांचे दुखणे पुष्कळदा तिथूनच सुरू होई.

विक्रीचा आधार होता खरेदीखत. त्यात चतुःसीमा लिहिल्या जात आणि साक्षीदारांची नावे येत. शेजारीपाजारी साक्षीला असले, की हद्दीवरून पुढे तंटा करणे अवघड होई. पुणे शहरात घरे, गल्ल्या आणि रस्ते यांवरील वाद कोतवालाकडे जात. या व्यवस्थेत घराचा इतिहास माणसांच्या आठवणीत असे. कागद त्या आठवणीला दुजोरा देई.

कागदांची शिस्त

इंग्रजी अमलात हा क्रम उलटला. दस्तनोंदणी सक्तीची करण्याची सुरुवात १८६४च्या कायद्याने झाली. १९०८च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ने १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे हस्तांतर नोंदवणे बंधनकारक केले. मुंबई बेटाची मोजणी १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली झाली. सिटी सर्व्हे क्रमांक आणि मिळकत पत्रिका, म्हणजे आजचे प्रॉपर्टी कार्ड, ही व्यवस्था अशा नगर भूमापनातून आकाराला आली. ग्रामीण भागात जे स्थान सातबाराचे, ते शहरात प्रॉपर्टी कार्डाचे.

घरतपासणीच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५मध्ये विकणारा आणि घेणारा यांची कर्तव्ये वाटून दिली आहेत. मिळकतीतला किंवा हक्कातला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला तो शोधता येण्यासारखा नसेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मागितल्यास हक्काचे सर्व कागद त्याने तपासणीसाठी दाखवले पाहिजेत, हेही याच कलमात येते.

या तरतुदीची दुसरी बाजू खरेदीदाराला जड जाते. साधी काळजी घेतली असती तर दिसला असता, असा दोष सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही. गच्चीच्या स्लॅबमधून डोकावणारी गंजकी सळई उघड दोषात मोडते. टाइल्सच्या मागे दडवलेली फुटकी नळी दडलेल्या दोषात. उघड दोष पाहणे खरेदीदाराचे काम, दडलेला सांगणे विकणाऱ्याचे. घराची तपासणी खरेदीच्या आधी का करायची, याचे कायदेशीर उत्तर या एका भेदात आहे.

मुंबईच्या सॉलिसिटरांनी या चौकटीवर हक्कतपासणीची पद्धत बसवली. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू, वर्षामागून वर्ष चाळायचा. गहाण, वारसा, वाटणी, दावे शोधायचे. मालकीची साखळी जुळवायची. हा शोध साधारणपणे ३० वर्षांचा असतो. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत १९६३च्या मुदत अधिनियमानुसार ३० वर्षे आहे, हे त्यामागचे एक कारण. याआधीच्या कायद्यात ती ६० वर्षे होती. शोधाबरोबर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून ती हरकतीसाठी बहुधा १४ दिवसांची मुदत देते.

या सगळ्यातून मिळणारा दाखला हक्काविषयी बोलतो. वकील इमारतीच्या जिन्यावर पाऊल न ठेवताही तो देऊ शकतो, कारण स्लॅब गळतो का हा त्याच्या कामाचा प्रश्नच नाही. ‘टायटल क्लिअर’ म्हणजे घर चांगले, असा समज करून घेणारे फसतात ते इथे.

पालिकेची नजर

इमारतीची पाहणी सरकारी अधिकाऱ्याने करायची, ही कल्पना सार्वजनिक आरोग्यातून आली. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने बांधकामाची सूचना, पाहणी आणि धोकादायक बांधकाम पाडण्याचे अधिकार पालिकेला दिले. १८९६मध्ये मांडवी भागात प्लेग फुटला आणि घराघरांत शिरून पाहणी सुरू झाली. माणसांच्या राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर ‘यूएचएच’ अशी अक्षरे रंगवली जात. पुण्यात अशाच पाहणीतील लष्करी जुलमाने लोक चिडले आणि जून १८९७मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. घरात शिरणाऱ्या सरकारी तपासनीसाविषयीचा संशय पुढे बराच काळ टिकला, तो यामुळे.

१८९८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या पाहणीला मोजमापाची जोड दिली. खिडकीतून आकाश दिसावे, उजेड आणि वारा यावा, म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सुटली पाहिजे. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या या ट्रस्टच्या कामातून उभ्या राहिल्या. आजच्या विकास नियंत्रण नियमांतील सामासिक अंतरांमागेही हाच विचार आहे.

जुन्या चाळींचे दुखणे वेगळ्या कारणाने वाढले. १९१८च्या युद्धकालीन भाडे कायद्यानंतर १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. भाडेहक्कच पागडी घेऊन हातोहात विकला जाऊ लागला. पागडीची खोली घेणारा मालकी विकत घेत नव्हता, इमारतीच्या दुरवस्थेचा वाटा मात्र त्याच्याकडे येत होता. शेवटी १९६९च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले. उपकर भरणाऱ्या सुमारे साडेएकोणीस हजार इमारतींची दुरुस्ती त्याच्याकडे सोपवली गेली. १९७७मध्ये म्हाडा स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करण्याची मुंबईची रीत या व्यवस्थेचाच भाग आहे. दक्षिण मुंबईत जुनी खोली घेणाऱ्याने ही यादी आधी पाहायला हवी.

कागदावरचे घर : फ्लॅटचा काळ

१९१५मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. अशा संस्थेत राहणाराच सभासद आणि म्हणून बांधकामावर देखरेख करणाऱ्यांपैकी एक असे. स्वातंत्र्यानंतर घरटंचाई वाढली तसा वेगळा प्रकार पुढे आला. बिल्डरने जमीन घ्यायची, इमारत बांधायची आणि एकेक फ्लॅट ‘ओनरशिप’ने विकायचा. विक्री बहुधा पाया खोदण्याआधी होई. खरेदीदारापुढे तपासण्यासारखे घरच नसे; असे ते नकाशा आणि शब्द. आगाऊ पैसे घेऊन काम अडकवणे, ठरलेल्यापेक्षा वेगळे बांधणे, एकच फ्लॅट दोघांना विकणे, जमिनीची मालकी संस्थेच्या नावे न करणे, अशा तक्रारी वाढल्या.

त्यांना उत्तर म्हणून महाराष्ट्राने १९६३मध्ये मालकी फ्लॅट अधिनियम केला. ‘मोफा’ या नावाने तो घरोघर पोचला. किमान ३ वर्षे वकिली केलेल्या वकिलाने प्रमाणित केलेला हक्काचा संपूर्ण आणि खरा तपशील, मंजूर नकाशे, बांधकामाचे आराखडे आणि वापरलेले साहित्य, हे सर्व खरेदीदारापुढे मांडणे बिल्डरवर बंधनकारक झाले. किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवणे आवश्यक ठरले. मंजूर नकाशात फ्लॅटधारकाच्या संमतीशिवाय बदल करायला मनाई झाली. तपासण्याजोगे घर नसताना तपासण्याजोगी माहिती तरी मिळावी, हा या कायद्याचा गाभा होता.

पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये आणि कोणी घेऊही नये, असेही मोफात लिहिले होते. मुंबईत या प्रवासाचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम आयओडी, म्हणजे नकाशांना अटींसह मंजुरी, मग काम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे सीसी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ओसी मिळाली, की बांधकाम मंजुरीप्रमाणे झाले आहे आणि राहायला हरकत नाही असे पालिका म्हणते. प्रत्यक्षात हजारो कुटुंबे ओसीवाचून राहायला गेली. पाणी टँकरचे किंवा जादा दराने, वीज तात्पुरती, आणि ‘ओसी येईलच’ हे आश्वासन.

त्याची किंमत किती होऊ शकते, हे वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने दाखवले. १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या तिथल्या इमारतींना मंजुरी होती पाच मजल्यांची. त्यांतली एक वीस मजल्यांपर्यंत चढली. फेब्रुवारी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले वाचवायला नकार दिला आणि २०१४मध्ये अनधिकृत घरांचे पाणी, गॅस आणि वीज तोडण्यात आली. पंचवीस-तीस वर्षे तिथे राहिलेल्यांचा कर भरलेला होता, संसार मांडलेला होता. नव्हती ती परवानगी. २०२२मध्ये मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही बिल्डरच्या सेवेतील त्रुटी ठरवली. त्यामुळे दाद मागण्याचा मार्ग रुंदावला.

सिमेंटच्या आतले दुखणे

वाड्याचा सांगाडा बराचसा उघडा होता. आरसीसीने तो झाकला. १९३०च्या दशकात बॅकबेच्या भरावावर, मरीन ड्राइव्हच्या बाजूने काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहिली आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र पसरली. काँक्रीटची ताकद दाबाला तोंड देण्यात, सळईची ताण सोसण्यात. सळईभोवतीचे काँक्रीटचे आवरण पुरेसे आणि घट्ट असेल तोवर ती सुरक्षित राहते. आवरण पातळ पडले, काँक्रीट पोकळ राहिले किंवा वाळूत क्षार असले, की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून आतूनच दाब येऊन काँक्रीट फुटते. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा, मग फुगवटा, मग पोपडा गळून उघडी पडलेली सळई, असा तो क्रम. मुंबईची खारी दमट हवा, लांबलेला पाऊस आणि अनेक बांधकामांत वापरली गेलेली खाडीची वाळू यांमुळे उपनगरांतल्या कितीतरी इमारतींना पंचवीस वर्षांच्या आतच मोठी दुरुस्ती करावी लागली.

आतले पाहण्यासाठी साधने आली. १९४८मध्ये स्वित्झर्लंडचे अभियंते अर्न्स्ट श्मिट यांनी काढलेला रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून किती उसळतो, यावरून काँक्रीटच्या टणकपणाचा अंदाज येतो. काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात, यावरून आतल्या पोकळ्या आणि तडे कळतात. या दोन्ही चाचण्यांची भारतीय मानके १९९२मध्ये प्रसिद्ध झाली. फेनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून काँक्रीटची अल्कता किती खोलवर नाहीशी झाली ते पाहतात. अर्धघट विभव चाचणी गंजाची शक्यता दाखवते. शंका उरली तर गाभ्याचा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत दाबून पाहतात.

साधने होती, सक्ती नव्हती. ती अपघातांनी आणली. १८ जुलै २००७ रोजी बोरिवलीची लक्ष्मीछाया इमारत कोसळली. तळमजल्यावरील दुकानातल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३५३-ब आले. इमारतीला ३० वर्षे झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची, पालिकेला प्रमाणपत्र द्यायचे आणि पुढे दर दहा वर्षांनी ती तपासणी पुन्हा करायची, अशी ही तरतूद. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याहून कडक आहेत. त्यांनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण पाच वर्षांतून एकदा, तर ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द सोसायट्यांच्या सभांत रुळला तो या काळात.

पुढच्या दुर्घटनांनी निरनिराळे धडे दिले. एप्रिल २०१३मध्ये शीळफाट्याजवळ घाईघाईने चढवलेली अनधिकृत इमारत पडून ७४ जण गेले. तिथे परवानगीच नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडई इमारत कोसळून ६१ बळी गेले. ती खुद्द पालिकेची होती. जुलै २०१७मध्ये घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीत १७ जण दगावले; तळमजल्यावर फेरफारांचे काम चालू होते. ऑगस्ट २०२०मध्ये महाडची तारिक गार्डन ही जेमतेम सात-आठ वर्षांची इमारत पडली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. इमारत नवी आहे, ती सरकारी आहे, आपल्या घरात सारे ठीक आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट एकटी पुरेशी हमी देत नाही, हे या घटनांमधून दिसते. एका फ्लॅटची सुरक्षितता त्याच्या खालच्या दुकानातल्या खांबावरही अवलंबून असते.

२६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपाने आणखी एक मुद्दा पुढे आणला. अहमदाबादेत तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या बऱ्याच इमारती पडल्या. वर भिंतींची भक्कम पेटी आणि खाली नुसते खांब, अशी रचना हादऱ्यात खालीच मोडते. २००२मध्ये सुधारलेल्या भूकंपविषयक मानकात अशा लवचीक तळमजल्यासाठी स्पष्ट नियम आले. मुंबई आणि पुणे दोन्ही त्यात तिसऱ्या भूकंपक्षेत्रात होती. त्याआधी बांधलेल्या स्टिल्ट पार्किंगच्या इमारतीत घर घेताना हा प्रश्न अभियंत्याला विचारण्याजोगा आहे.

ग्राहक, बँक आणि रेरा

१९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १९९३मधील दुरुस्तीने तो आला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही घरबांधणी ही सेवा असल्याचे सांगितले. यामुळे गळका स्लॅब आणि रखडलेला ताबा हे ग्राहक मंचापुढचे विषय झाले.

दुसरीकडे गृहकर्ज सर्रास झाले. १९७७मध्ये मुंबईत एचडीएफसी सुरू झाली आणि पुढे बँकाही या व्यवसायात उतरल्या. कर्ज देणारी संस्था आपल्या वकिलाकडून कागद आणि मूल्यनिर्धारकाकडून घर पाहून घेते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर निर्दोष, हा समज त्यातूनच पसरला. ही पाहणी बँक स्वतःच्या पैशांच्या सुरक्षिततेसाठी करते. कर्ज बुडाले तर घर विकून ते वसूल होईल का, एवढाच तिचा प्रश्न असतो. न्हाणीघराच्या उताराशी तिला देणेघेणे नसते.

२०१६चा स्थावर संपदा अधिनियम, म्हणजे रेरा, १ मे २०१७पासून पूर्ण अंमलात आला आणि राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे, काम सुरू झाले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची झाली. मंजुऱ्या, हक्काचा अहवाल, दावे आणि कामाची प्रगती संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येऊ लागली. करार न करता घेता येणारी रक्कम १० टक्क्यांवर आली. चटई क्षेत्राची व्याख्या पक्की झाली. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाहीत, आतल्या विभाजक भिंती धरायच्या. सुपर बिल्टअपच्या आकड्यांखाली दडलेली खरी जागा आता टेपने मोजून पडताळता येते.

तपासणीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे कलम १४चे तिसरे पोटकलम. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेत, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मोफात हाच अवधी तीन वर्षांचा होता. ताब्याच्या दिवशीचा लेखी तपासणी अहवाल या पाच वर्षांत पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

आजच्या तपासणीकडून काय अपेक्षावे

अमेरिकेत घरतपासणी हा स्वतंत्र व्यवसाय १९७०च्या दशकात वाढला; तिथली तपासनीसांची राष्ट्रीय संघटना १९७६ची आहे. सौदा तपासणीवर अवलंबून ठेवण्याची अट तिथे करारातच घातली जाते. भारतीय महानगरांत अशी सेवा देणाऱ्या खासगी कंपन्या गेल्या काही वर्षांत दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्रात घरतपासनिसासाठी वेगळा परवाना नाही. पालिकेकडे नोंदणी असते ती स्ट्रक्चरल इंजिनिअरची. म्हणून तपासणाऱ्याची पदवी, नोंदणी आणि बिल्डर किंवा दलालाशी असलेले संबंध आधी विचारून घ्यावेत.

नव्या फ्लॅटची तपासणी ओसी आल्यानंतर आणि ताबा घेण्यापूर्वी करायची असते. रेरानुसार ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असल्याने तेवढा अवकाश असतो. ओळंब्याने भिंत, पाणसळीने लादी आणि गुण्याने कोपरा पाहिला जातो. टाइल ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतात. न्हाणीघरात पाणी सोडून उतार मोरीकडे आहे का ते बघतात आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते का तेही पाहतात. खिडक्यांच्या चौकटी, सांडपाण्याच्या नळ्या, नळांचा दाब, अर्थिंग, वीजगळती होताच पुरवठा तोडणारी कळ, प्रत्येक प्लग, सारे चालवून पाहिले जाते. ओलावामापक आणि उष्णतेचे चित्र घेणारा कॅमेरा रंगाखालची ओल दाखवतात. करारात लिहिलेले साहित्य आणि बसवलेले साहित्य यांचा मेळ हाही अहवालाचा भाग असावा.

जुन्या फ्लॅटची तपासणी टोकन देण्यापूर्वी किंवा निदान करारापूर्वी व्हायला हवी. इथे फ्लॅटपेक्षा इमारत महत्त्वाची. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाक्या, तळमजल्याचे खांब, जिन्याचा स्लॅब, बाहेरच्या नळ्या आणि भिंतीत उगवलेले पिंपळ पाहावेत. नुकताच दिलेला रंग आणि नवे फॉल्स सीलिंग दिसले तर अधिक बारकाईने पाहावे. सोसायटीकडून शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडाची शिल्लक, ठरलेली वर्गणी आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, याची माहिती घ्यावी. २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, सोय झाली असली तरी अनेक संस्थांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे आहे. पुनर्विकासाच्या वेळी ही बाब निर्णायक ठरते. पावसाळ्यात किंवा तो सरतासरता घर पाहिले तर गळती लपत नाही.

तपासणीच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. तपासनीस भिंत फोडत नाही, म्हणून गाडलेल्या नळ्या आणि पाया यांविषयी तो अंदाजच देतो. रिबाउंड हॅमरचा आकडा पृष्ठभागापुरता असतो. अहवाल त्या दिवसाची स्थिती सांगतो. पुढच्या दहा वर्षांची हमी देत नाही. हक्काविषयी आणि परवानगीविषयी तो गप्प असतो, जसा वकिलाचा दाखला स्लॅबविषयी गप्प असतो.

दीडशे वर्षांत कायद्याने खरेदीदाराच्या हाती एकामागून एक साधने दिली. त्यांपैकी कोणतेही दुसऱ्याची जागा घेत नाही. वकिलाचा हक्क अहवाल, पालिकेची ओसी आणि अभियंत्याचा तपासणी अहवाल हे तिन्ही कागद हाती आल्याशिवाय जुन्या घराच्या करारावर सही करू नये आणि नव्या फ्लॅटचा ताबा घेऊ नये.